मागाहून लावलेले दिवे

'काय दिवे लावलेस!' असं मराठीत कुणी म्हटलं, तर ते कौतुक नसतं. जुन्या मोटारींच्या मंडळींत मात्र हाच प्रश्न शब्दशः आणि अगदी गंभीरपणे विचारला जातो. १९३५ सालची एखादी गाडी रॅलीत उभी असते. लोक बॉनेटभोवती जमतात, फोटो काढतात. त्यातला एखादा जाणता गृहस्थ वाकून बंपरवरच्या जोडदिव्यांकडे पाहतो आणि विचारतो, "हे कंपनी फिटिंग, की बाहेरचं?" मालकाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो.

'बाहेरचं' म्हणजे गाडी कारखान्यातून निघाल्यावर मालकाने गरजेपोटी, हौसेपोटी किंवा शेजाऱ्याचं पाहून बसवून घेतलेलं. त्यात फॉगलॅम्प आले, लांब पल्ल्याचे दिवे आले, काचेशेजारून हाताने फिरवायचा स्पॉटलाइट आला, हेडलाइटवर चढवायच्या रंगीत काचा आल्या. या वस्तूंना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यांच्याभोवती दंतकथाही पुष्कळ आहेत. काही वाद मात्र अजून मिटलेले नाहीत. पिवळा उजेड धुक्यात खरोखर चालतो का? जुन्या गाडीवर बाहेरचा दिवा ठेवावा की काढावा? आणि त्या दिव्यात आजचा एलईडी घालायचा का? हा आढावा या प्रश्नांपुरता आहे.

कार्बाइडचे दिवस

सुरुवातीच्या मोटारींना दिवे कारखान्यातून मिळतीलच असं नव्हतं. अनेक गाड्या दिव्यांवाचूनच विकल्या जात आणि गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे पितळी दिवे वेगळे विकत घेई. बाजूचे आणि मागचे दिवे रॉकेलचे, तर पुढचे अ‍ॅसिटिलीनचे असत. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी थेंबथेंब पडायचं, वायू तयार व्हायचा आणि नळीतून दिव्यात जायचा. आपल्याकडे जत्रेतल्या हातगाड्यांवर असेच दिवे असत. ज्यांनी ते पाहिलेत, त्यांना तो लसणासारखा उग्र दर्प आठवेल. मोटारीतही तोच दर्प, तीच राख आणि प्रवास संपल्यावर भांडं खरवडण्याचं तेच काम.

या धंद्यातून उभी राहिलेली माणसं मोठी होती. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा लुई ब्लेरियो आधी मोटारीचे अ‍ॅसिटिलीन दिवे विकत होता आणि विमानांच्या प्रयोगांचा खर्च त्याच कमाईतून भागत होता. अमेरिकेत कार्ल फिशर आणि जेम्स अ‍ॅलिसन यांनी अ‍ॅसिटिलीन सिलिंडरात भरून विकायला सुरुवात केली. 'प्रेस्ट-ओ-लाइट' या त्यांच्या उद्योगामुळे चालकांची कार्बाइड खरवडण्यातून सुटका झाली. इंडियानापोलिसचा प्रसिद्ध शर्यतमार्ग उभारणाऱ्यांत हेच दोघं होते. जर्मनीत लिपश्टाटला साली विंडम्युलर यांच्या कारखान्याने १९०८ मध्ये एका अ‍ॅसिटिलीन दिव्याला 'हेला' हे नाव दिलं. हे त्यांच्या पत्नीच्या, हेलेनच्या, नावाचं लाडकं रूप, असं सांगतात. जर्मनमध्ये 'हेलर' म्हणजे अधिक उजळ, म्हणून शब्दखेळही साधला गेला. आज कंपनी त्याच नावाने ओळखली जाते.

मग वीज आली. १९१२ च्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंगच्या पद्धतीचा स्टार्टर आणि दिवे एकत्र मिळाले. १९१३ मध्ये बॉशने डायनमो, रेग्युलेटर, बॅटरी आणि दिवे असा पुरा संच बाजारात आणला. पण दिव्यांचं मार्केट त्यामुळे बसलं नाही, उलट वाढलं. कारण अगदी घरगुती आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१५ पासून विजेचे हेडलाइट आले खरे, पण ते इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालत. गाडी हळू झाली की उजेड मंद व्हायचा. नेमक्या खड्ड्याशी, वळणाशी, म्हणजे उजेड हवा तिथेच दिवा मिणमिणे. मग चालक जागच्या जागी इंजिन रेस करून रस्ता बघून घेत. अशा गाडीच्या मालकाला दुसरा दिवा विकणं अवघड नव्हतं.

कारखान्याने न दिलेला उजेड

या विषयाचा सगळ्यात रसाळ काळ दोन महायुद्धांमधला. फ्रान्समध्ये १९१९ मध्ये सिबिए आणि १९२३ मध्ये मार्शाल या कंपन्या निघाल्या. मार्शालच्या दिव्यांवरचं काळं मांजर आजही संग्राहकांना वेड लावतं. त्याच १९२३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. रात्रभर गाड्या पळवायच्या, म्हणजे दिव्यांची कसोटी लागेल, हाही तिच्या आयोजकांचा एक हेतू होता. पहिल्याच वर्षी बेंटलीचा एक हेडलाइट दगड लागून फुटला आणि उरलेल्या एकावर गाडी पळत राहिली.

अमेरिकेत शिकागोच्या ट्रिप कंपनीचे मोठे गोल दिवे ड्युसेनबर्ग, पॅकार्डसारख्या श्रीमंती गाड्यांवर दिसू लागले. ही कंपनी पुढे ट्रिप लाइट नावाने विजेची उपकरणं विकू लागली, तेव्हा संगणकाजवळच्या सर्ज प्रोटेक्टरवर तेच नाव वाचून जुन्या दिव्यांचा शौकीन चमकतो. पायलट-रे नावाच्या दिव्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ते स्टिअरिंगला दांड्यांनी जोडलेले असत, चाकं वळतील तसे वळत आणि वळणाच्या पलीकडचा रस्ता दाखवत. १९६७ मध्ये सित्रोएनने डीएस गाडीला वळणारे दिवे दिले तेव्हा जगाने कौतुक केलं, पण बाहेरच्या बाजाराने ती युक्ती कितीतरी आधी विकली होती.

वुडलाइटचं उदाहरण याच्या नेमकं उलटं. शिरस्त्राणासारखं निमुळतं कवच, त्यात उभी बारीक फट आणि फटीतून प्रकाश. रक्स्टन गाडीवर हे दिवे इतके शोभतात की दिव्यांसाठीच गाडी केली असावी असं वाटतं. पण उजेडाच्या बाबतीत त्यांचं नाव खराबच. रात्री खरोखर निघायचं असेल तर मालक खाली आणखी साधे दिवे लावून घेत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर आणि सर्वांत निरुपयोगी वस्तू हीच.

आपल्या देशाचा संबंध येतो तो संस्थानिकांमुळे. कोट्याचे महाराव उमेदसिंह दुसरे यांनी १९२५ मध्ये शिकारीसाठी जी रोल्स-रॉइस बांधून घेतली, तिच्यावर पॅरिसच्या स्टीफन ग्रेबेलचे शोधदिवे होते. अशा गाड्यांत दिवा हा हत्यारांइतकाच महत्त्वाचा. रानात जनावराचे डोळे चमकले की पुढचं काम बंदुकीचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार संपली. दिवे उरले, ते आता प्रदर्शनात पुसूनपासून ठेवलेले असतात.

युद्ध आलं आणि बाजार उलटा फिरला. सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला, तेव्हा उजेड कमी करणारी वस्तू खपू लागली. हेडलाइटवर झापडांचं टोपण बसवायचं आणि उजेडाची एक पट्टी तेवढी खाली पडू द्यायची. १९७१ च्या युद्धात काळे केलेले हेडलाइट आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असतील.

पिवळ्याचा प्रश्न

धुक्यात पिवळा दिवा चांगला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ आहे. पावसाळ्यात वरंधा घाट चढताना एका मित्राने पद्मिनीच्या हेडलाइटवर पिवळा जिलेटिन कागद चिकटपट्टीने लावला होता. अर्ध्या घाटात कागद भिजून लोंबायला लागला. तोवर मात्र "बघ, किती फरक पडला!" हे वाक्य त्याने दहा वेळा म्हटलं होतं. फरक पडला होता हेही खरं. डोळ्यांना बरं वाटत होतं. रस्त्याची कड मात्र मला आधीइतकीच दिसत होती.

हा समज जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॉर्निंगच्या फिकट पिवळ्या 'कोनाफोर' काचा धुकं आणि धूळ भेदतात अशा जाहिरातीने विकल्या जात होत्या. फ्रान्सने तर १९३६ च्या अखेरीस पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि तो नियम १९९३ पर्यंत टिकला. खाडी ओलांडून फ्रान्सला जाणारे इंग्रज पर्यटक काचांना पिवळा रंग फासत किंवा प्लॅस्टिकची पिवळी टोपणं लावत. युद्धात आपली वाहनं शत्रूपासून वेगळी ओळखता यावीत म्हणून फ्रेंचांनी हे केलं, ही कथा आजही छातीठोकपणे सांगितली जाते. प्रत्यक्षात तेव्हा दिलेलं कारण होतं समोरच्या चालकाचे डोळे कमी दिपावेत, हे.

पिवळ्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की निळा उजेड डोळ्यांना अधिक खुपतो. तो गाळला की ताण कमी होतो आणि चालक जास्त वेळ नीट बघू शकतो. विरोधकांचा आधार भौतिकशास्त्राचा. आकाश निळं दिसतं, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात आणि ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणजे पिवळा धुक्यातून 'आरपार' जातो हे खरं नाही. शिवाय पिवळी काच दहा-पंधरा टक्के उजेड स्वतःच खाते. नेदरलँड्समध्ये १९७६ मध्ये या प्रश्नाचा आढावा घेतला गेला, त्यातही दिसण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. डोळे दिपण्याच्या त्रासात मात्र पिवळ्याला थोडं झुकतं माप मिळालं.

दोन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत आहेत आणि ती बाजारात सहसा कुणी सांगत नाही. फॉगलॅम्पचं काम रंगापेक्षा त्याची जागा आणि किरणांचा आकार करतो. दिवा खाली हवा, झोत रुंद हवा आणि त्याची वरची कड चाकूने कापल्यासारखी सपाट हवी, म्हणजे उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येत नाही. जुने चांगले फॉगलॅम्प चांगले ठरले ते या कडेमुळे. चालकाला बरं वाटणं आणि चालकाला जास्त दिसणं या दोन गोष्टींचं नातं नेमकं किती, हा प्रश्न अजून उघडा आहे.

मॉन्टे कार्लो, १९६६

बाहेरच्या दिव्यांनी एका मोठ्या स्पर्धेचा निकाल फिरवला, तो प्रसंग इथे टाळता येणार नाही. १९६० च्या दशकात बर्फाळ रस्त्यांवर रात्री धावणाऱ्या रॅलीच्या गाड्यांना पुढे दिव्यांची रांग हे भूषण झालं होतं. १९६२ मध्ये युरोपात हॅलोजन दिवा आला होता आणि सगळ्यांना तो हवा होता. १९६६ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत टिमो मॅकिनेन, राउनो आल्टोनेन आणि पॅडी हॉपकर्क यांच्या मिनी पहिल्या तीन आल्या, तर रॉजर क्लार्कची फोर्ड कॉर्टिना चौथी. तपासणीत हेडलाइटवर बोट ठेवलं गेलं. त्यात एकाच तारेचे हॅलोजन बल्ब होते. एका तारेच्या बल्बला डिप्पर मारता येत नाही. त्यामुळे डिप्परचं काम पुढच्या फॉगलॅम्पकडे दिलं होतं. हे मूळ गाडीप्रमाणे नाही, असं म्हणून आयोजकांनी चारही गाड्या बाद केल्या आणि पौली तोइवोनेनची सित्रोएन विजेती ठरली. तोइवोनेनलाही त्या विजयाचा आनंद झाला नाही.

ब्रिटनमध्ये आजही याला उघड पक्षपात म्हणतात. आयोजकांची बाजू मांडणारे म्हणतात की नियम आधीच लिहिलेला होता. दिवा बदलला म्हणजे गाडी बदलली का, हा जो मूळ प्रश्न तिथे आला, तोच आज जुन्या गाड्यांच्या मैदानात रंगतो. पुढच्याच वर्षी आल्टोनेनने मिनीतून ही रॅली जिंकली, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

कायदा, विनोद आणि पोकळ दिवे

अमेरिकेने १९४० पासून सात इंची सीलबंद हेडलाइट सगळ्यांना सारखा ठरवून दिला. काच फुटली की कुठल्याही गावात तसाच दिवा मिळे, ही मोठी सोय. पण काच, रिफ्लेक्टर आणि तार एकाच कवचात बंद असल्याने सुधारणेला वाव राहिला नाही. युरोपातले हॅलोजन दिवे तिथे रस्त्यावर चालत नसत, म्हणून शौकीन ते गुपचूप बसवत. १९७० मध्ये अ‍ॅरिझोनात सुरू झालेल्या केसी हायलाइट्सचे हसऱ्या चेहऱ्याच्या पिवळ्या टोपणाचे दिवे याच भुकेवर वाढले. कायदा जिथे थांबतो, तिथे अ‍ॅक्सेसरीवाल्याचं दुकान सुरू होतं.

विनोदांत लुकासचा नंबर पहिला. बर्मिंगहॅमच्या या कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. तिच्या बटणाला तीनच जागा, मंद, लुकलुक आणि बंद, असंही सांगतात. हसून झाल्यावर एक हिशेब पाहावा. बल्बपर्यंत पोहोचणारा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॉटला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. पन्नास वर्षांची वायर, गंजलेलं अर्थिंग आणि सैल होल्डर असेल, तर दिवा कुणाचाही असो, तो लुकलुकणारच. गॅरेजमधला जुना इलेक्ट्रिशियन आधी पॉलिश पेपरने अर्थ घासतो, बल्बला हात नंतर लावतो.

आणि पोकळ दिवे. १९५० च्या आसपास कॅलिफोर्नियात मर्क्युरी गाड्या कापून-खाली बसवून नटवणाऱ्यांना शिकागोच्या अ‍ॅपलटन कंपनीचा लांबट स्पॉटलाइट फार आवडे. ज्यांना तो परवडत नसे, ते नुसतं कवच लावत. आत बल्ब नाही, वायर नाही. आज गंमत अशी की त्या काळच्या गाडीवर तो पोकळ दिवाच 'अस्सल' मानायचा का, यावर लोक तावातावाने बोलतात.

मूळ म्हणजे कुठलं मूळ?

इथून आपण मुख्य भांडणात येतो. एक पक्ष कारखान्याचा. गाडी विक्रेत्याच्या दारातून जशी बाहेर पडली असती, तशी ती हवी. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या जुन्या क्लबचे निकष साधारण याच अंगाने जातात. त्या वर्षीच्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये दिवा असेल तर ठीक, नसेल तर गुण गेले. या पक्षाची ताकद पुराव्यात आहे. कागद दाखवा, वाद मिटला.

दुसरा पक्ष काळाचा. आंतरराष्ट्रीय संघटना फिवाने स्वीकारलेली तुरिनची सनद गाडीच्या आयुष्यात झालेले बदल तिच्या इतिहासाचा भाग मानते. १९३० साली मालकाने घाटातल्या धुक्याला वैतागून दिवा लावला असेल, तर तो त्या गाडीने जगलेल्या आयुष्याचा पुरावा आहे. या पक्षाची अडचण उघड आहे. 'त्या काळी लावलेला' आणि 'त्या काळचा, पण परवा लावलेला' यांत फरक कसा करायचा? दिवा खरा असतो, तारीख खोटी असते. त्यात आता वुडलाइटसारख्या दिव्यांच्या हुबेहूब नकलाही मिळतात.

मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो आणि त्याचं कारण पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेला एक दिवा. लुकासचा फॉगलॅम्प, मशाल धरलेल्या सिंहाचा छाप अर्धा पुसलेला. मागे सुती वेष्टणाची वायर. मला भावला तो त्याचा ब्रॅकेट. लोखंडी पट्टी कुणीतरी ऐरणीवर ठोकून वाकवली होती आणि एक भोक चुकलं म्हणून शेजारी दुसरं पाडलं होतं. कुठल्या कॅटलॉगात हे सापडेल? विकणाऱ्याने ब्रॅकेट 'भंगार' म्हणून फुकट दिला.

भारतात या वादाला जुलै २०२१ पासून सरकारी किनार आली. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी सुरू झाली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं आली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. दिव्यांचं नाव त्यात नाही. क्लॅम्पने अडकवलेला दिवा फेरफार ठरत नाही असं मानायला जागा आहे, पण बंपरला भोक पाडून बसवलेल्याचं काय, हे तपासणाऱ्या समितीच्या मर्जीवर राहतं. ते स्पष्ट व्हायला हवं.

एलईडीचं काय?

तिसरा वाद सर्वांत ताजा. रोज रस्त्यावर काढणारे म्हणतात, जीव महत्त्वाचा. एलईडी करंट कमी ओढतो, जुन्या डायनमोवर आणि सुती वायरवर ताण येत नाही. हे बरोबर आहे. दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. जुना रिफ्लेक्टर एका बारीक तारेच्या एका ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो. उजेडाचा उगम जरा इकडेतिकडे झाला की झोत फाटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तारेच्या जागीच बसतील असे एलईडी बल्ब आता मिळू लागले आहेत, पण प्रत्येक जुन्या दिव्याला ते जुळतीलच असं नाही. आपल्या नियमानुसार व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी काढताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. त्यामुळे भारतापुरता हा वाद थोडा पुस्तकी वाटतो. नवी वायर, स्वतंत्र रिले आणि नीट अर्थ एवढ्यावर बहुतेक जुने दिवे पुरेसा उजेड देतात, असं माझं मत आहे.

तुमच्या माळ्यावर असा एखादा दिवा असेल, तर दोनच विनंत्या. आतला रिफ्लेक्टर पितळ घासायच्या पॉलिशने घासू नका. बऱ्याच जुन्या दिव्यांत तो चांदीचा पातळ मुलामा असतो, एकदा निघाला की गेला. मऊ कापडाने धूळ तेवढी झटका. आणि ब्रॅकेट फेकू नका. कुठल्या गाडीवर होता, कुणी लावला, हे घरात कुणाला आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून वायरीला बांधून ठेवा.